आमचा नंबर कितवा?

आमच्या क्षेत्रात दर दीड-दोन वर्षांनी एक नवा शब्द येतो. मी नोकरीला लागले तेव्हा सगळीकडे 'क्लाउड' होता. मग 'डिजिटल ट्रान्सफॉर्मेशन' आलं, मग 'आयओटी', आणि आता 'एआय'. शब्द बदलला की प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड बदलते. समोर बसणारी माणसं मात्र तीच असतात. साखर कारखान्याचे अधिकारी, दूध संघाचे मॅनेजर, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतले फाउंड्रीवाले. त्या स्लाइड्स बघितल्या की वाटतं, आमच्या भागातल्या धंद्यांना हे सगळं आत्ताच कुणीतरी पहिल्यांदा दाखवतंय.

तसं नाहीये. आमच्या जिल्ह्यात हे १९९८ मध्येच येऊन गेलंय, आणि तेही थेट दिल्लीहून.

त्या वर्षी पंतप्रधानांनी माहिती-तंत्रज्ञानासाठी एक राष्ट्रीय कृतिदल नेमलं होतं. खेड्यात संगणक नेऊन काय घडतं, हे बघायला एक जागा हवी होती. निवड झाली ती पन्हाळा तालुक्यातल्या वारणानगरची. हे गाव निवडण्यामागे कारण होतं. तात्यासाहेब कोरे यांनी तिथे सहकारातून साखर कारखाना उभा केला होता. त्याच्या भोवती दूध संघ, वारणा बझार, शाळा, कॉलेजं, अगदी मुलांचा वाद्यवृंदसुद्धा उभा राहिला होता. म्हणजे संस्था होत्या, सभासद होते, हिशेब होते. फक्त संगणक आणून जोडायचे होते.

प्रकल्पाचं नाव 'वायर्ड व्हिलेज'. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावं. खर्च सुमारे अडीच कोटी रुपये, त्यातला निम्मा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा, १० टक्के वारणा समूहाचा. राबवणारी संस्था एनआयसी. गावोगावी एक खोली, तिच्यात एक संगणक, एक प्रिंटर, एक ऑपरेटर. त्यातून शेतकऱ्याला काय काय मिळणार होतं, त्याची यादी आज वाचली तरी ओळखीची वाटते. बाजारभाव, पिकांचा सल्ला, सातबारा, सरकारी योजना, नोकरीची माहिती, आणि हे सगळं मराठीत. आज कुठल्याही ॲग्रिटेक स्टार्टअपची स्लाइड काढा, थोड्याफार फरकाने हीच यादी दिसेल. मी तेव्हा रांगत होते. माझं आणि या यादीचं वय जवळपास सारखंच आहे.

पुढे काय झालं, तेही नोंदलेलं आहे. मायक्रोसॉफ्ट रिसर्चचं भारतातलं केंद्र २००५ मध्ये बंगळुरूत सुरू झालं. तिथले संशोधक वारणेच्या गावांत गेले. त्यांना दिसलं, की संगणक बंद पडलेले नव्हते. वापर चालू होता. पण यादीतल्या बहुतेक गोष्टींसाठी नाही. वापर होता तो कारखान्याच्या कामासाठी. शेतकऱ्याचा किती ऊस गेला, त्याच्या नावावर किती खत उचललं गेलं, असली माहिती गावातून कारखान्यात आणि कारखान्यातून गावात पाठवायला. म्हणजे संगणक होता, पण काम पोस्टमनचं करत होता.

मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. सात गावांत संगणकाच्या जागी एक स्वस्तातला मोबाइल ठेवला. एसएमएस पाठवायचा, उत्तर यायचं. एवढंच. काम तसंच चाललं, आणि वीज, डायल-अप लाइन, दुरुस्ती यांची कटकट गेली. या प्रयोगाला त्यांनी 'वारणा अनवायर्ड' असं नाव दिलं आणि २००७ मध्ये त्यावर निबंध लिहिला. आज ही गोष्ट सांगितली की माझ्या ऑफिसातले लोक हसतात. "म्हणजे अडीच कोटींचं काम एका नोकियाने केलं?" असं म्हणतात.

मला ती गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. मला त्यात वेगळंच काही दिसतं. शेतकऱ्याला विचारायचं काय होतं, हे त्या सात गावांतल्या एसएमएसनी सांगितलं. त्याला आधी स्वतःबद्दल विचारायचं होतं. माझं टनेज किती झालं? माझ्या नावावर खत किती पडलं? ही त्याचीच माहिती होती, पण ती दुसऱ्याच्या वहीत होती.

*

टनेजच्या प्रश्नाचं उत्तर आज बऱ्यापैकी मिळतं. ऊस घेऊन ट्रॅक्टर काट्यावर चढतो. इंडिकेटरवरचा आकडा केबलने संगणकात येतो. गाडी रिकामी होऊन परत काट्यावर येते, दुसरा आकडा येतो, वजाबाकी होते आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर मेसेज पडतो. पूर्वी वजनाची स्लिप हातात पडायला चार-चार दिवस लागायचे. आता गाडी कारखान्याच्या गेटमधून बाहेर पडायच्या आत आकडा शेतात पोचलेला असतो.

पण काटामारीचा संशय गेलाय का? तो गेला नाही. शेतकरी संघटना दर हंगामात काट्यांचा प्रश्न उचलतात. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणायची मुभा मागतात. मेसेज आकडा सांगतो, तो बरोबर आहे का ते सांगत नाही. आकडा जलद पोचला म्हणून विश्वास जलद बसत नाही. तरीही मी म्हणेन, हा बदल खरा आहे. कारण यात शेतकऱ्याच्या हातात काहीतरी आलं. मेसेज जपून ठेवता येतो, शेजाऱ्याच्या मेसेजशी ताडून बघता येतो, आणि बिल आल्यावर बेरीज करता येते.

आता दुसरा प्रश्न. ऊसपट्ट्यात वाढलेल्या कुणालाही तो नव्याने सांगायला नको. नोव्हेंबर उजाडला की पारावर, चहाच्या टपरीवर, दूध संस्थेच्या रांगेत हाच एक प्रश्न असतो: तोड कधी येणार?

बाहेरच्या वाचकासाठी थोडं सांगते. ऊस आपण तोडून बाजारात नेत नाही. कारखान्याकडे नोंद करायची, कारखाना टोळी पाठवणार, टोळी तोडणार, गाडी नेणार. ही तोड कुणाला आधी, कुणाला नंतर, याचा एक क्रम असतो. लागणीची तारीख, आडसाली आहे का सुरू, खोडवा आहे का, जात ८६०३२ का २६५, यावरून तो ठरतो. निदान ठरायला हवा. तोड लांबली की उसाला तुरा येतो, आत दशी पडते, कांडं पोकळ होत जातं आणि वजन घटतं. रान मोकळं व्हायला उशीर झाला की पुढचं पीक मागे पडतं. खोडवा ठेवायचा तर तोही उन्हात सापडतो. म्हणजे क्रमातल्या प्रत्येक आकड्यात पैसा आहे. फेब्रुवारीच्या शेवटी ज्याचा ऊस उभा आहे, तो टोळीला खुशाली द्यायला तयार होतो, ड्रायव्हरला एन्ट्री द्यायला तयार होतो. कोंबडं, जेवण, दारू वेगळी.

माझ्या चुलत्यांना माझ्या नोकरीबद्दल एवढंच माहीत आहे, की ही पोरगी साखर कारखान्यांचं कॉम्प्युटरचं काम करते. त्यामुळे दर हंगामात एक फोन ठरलेला. "आगं, तुझ्या त्या कॉम्प्युटरला इचार की, आमची तोड कवा येणार?"

आमचा ऊस ज्या कारखान्याला जातो, त्याचं काम आमच्या कंपनीकडे नाही. मी त्यांना तसं सांगते. ते म्हणतात, "मग शिकून काय उपेग?"

*

पॉल डेव्हिड नावाच्या एका आर्थिक इतिहासकाराचा १९९० चा निबंध आहे. विषय वीज आणि संगणक. त्याआधी तीन वर्षं, १९८७ मध्ये, रॉबर्ट सोलो या अर्थशास्त्रज्ञाने एक कोडं मांडलं होतं: संगणक जिकडेतिकडे दिसतात, पण उत्पादकतेच्या आकड्यांत त्यांचा परिणाम का दिसत नाही? डेव्हिड यांनी उत्तर शोधायला मागे जाऊन विजेकडे बघितलं. अमेरिकेत वीजकेंद्रं १८८० च्या दशकात सुरू झाली. पण कारखान्यांच्या उत्पादकतेने मोठी उडी घेतली ती १९२० च्या दशकात. मधली चाळीस वर्षं कुठे गेली?

वाफेच्या काळात कारखान्यात एकच मोठं इंजिन असायचं. छताजवळून एक लांब दांडा फिरायचा आणि त्यावरून पट्ट्यांनी प्रत्येक यंत्राला गती मिळायची. वीज आल्यावर मालकांनी इंजिन काढलं आणि तिथेच एक मोठी मोटर बसवली. दांडा तोच, पट्टे तेच, यंत्रांची जागा तीच. फरक पडला तो पुढच्या पिढीत, प्रत्येक यंत्राला स्वतःची छोटी मोटर मिळाल्यावर. मग यंत्रं दांड्याच्या तालावर न लावता कामाच्या ओघाने लावता आली, आणि कारखान्याची इमारतच नव्याने आखली गेली.

आमच्याकडे हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही. गुऱ्हाळात चरकाला आधी बैल होते, मग शिवाजी उद्यमनगरात बनलेल्या इंजिनांसारखी ऑइल इंजिनं आली, मग विजेची मोटर. रस लवकर निघायला लागला हे खरं. पण चुलवाण तेच, काहील तीच, आणि गूळ उतरवायची वेळ झाली की नाही हे डोळ्याने ठरवणारा गुळव्या तोच. फिरवणारा बदलला, ठरवणारा तोच राहिला.

धंद्यासाठीच्या सॉफ्टवेअरमध्ये मी सहा वर्षांत हेच जास्त बघितलं. वही गेली, एक्सेल आलं. एक्सेल गेलं, ईआरपी आलं. ईआरपी ऑफिसातल्या सर्व्हरवरून क्लाउडवर गेलं. प्रत्येक वेळी फिरवणारं इंजिन बदललं. ठरवायचं कुणी आणि विचारायचं कुणी, हा दांडा मात्र जागचा हलला नाही.

*

काही हंगामांपूर्वी आम्ही एका कारखान्यासाठी शेतकऱ्यांचं मोबाइल ॲप करत होतो. कारखान्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. ऊस नोंद, प्रत्येक खेपेचं वजन, बिल, खताची उधारी, शेअर्सची रक्कम हे सगळं ॲपमध्ये दिसणार होतं. शेती विभागाच्या मॉड्यूलमध्ये तोडणीचा क्रम आधीपासून तयार होत होता. लागण तारीख आणि जातीवरून प्रत्येक गटाची यादी निघायची. तेव्हा आम्ही ॲपमध्ये एक ओळ टाकली. समजा, 'तोडणी क्रम: गटातील २०० पैकी ८७'. तांत्रिकदृष्ट्या हे अर्ध्या दिवसाचं काम होतं. माहिती टेबलमध्ये होतीच, फक्त दाखवायची होती.

डेमोच्या दिवशी सगळं बघून झालं आणि शेती अधिकारी त्या ओळीवर थांबले. चांगला माणूस. तीस वर्षं शिवारं तुडवलेला.

"मॅडम, तुमचं बरोबर हाय. पर हा आकडा दावला, की उद्या सकाळी गट ऑफिसच्या दारात दोनशे माणूस हुबा राहतंय."

मी म्हटलं, "साहेब, क्रम बरोबर असेल तर का उभे राहतील?"

त्यांनी मला शांतपणे समजावलं, आणि त्यांचं म्हणणं मला आजही पटतं. पाऊस पडला की काळ्या रानातून ट्रॅक्टर निघत नाही, मग माळावरचा ऊस आधी घ्यावा लागतो. नदीकाठचा ऊस पुरात बुडालेला असेल, तर तो सडायच्या आत तोडावा लागतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. कुठे ऊस पेटला, तर तो थांबत नाही. टोळीला एका शिवारातून उठवून दुसऱ्या गावात न्यायचं तर दिवस मोडतो, त्यामुळे ८७ नंबरच्या बांधाला लागून १३० नंबर असेल, तर दोन्ही एकदमच तोडणं शहाणपणाचं. म्हणजे संगणकाचा क्रम हा कागदावरचा क्रम. रानातला क्रम वेगळा असतो, आणि तो वेगळाच असायला हवा.

हे सगळं खरं होतं. फक्त एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. ती सिस्टिममध्ये दिसत होती. क्रम बदलला की त्याची नोंद व्हायची, आणि नोंदीपुढे कारणाचा रकाना होता. बऱ्याच नोंदींपुढे तो रकाना रिकामा होता. पाऊस नाही, पूर नाही, जळीत नाही. काही नाही. कुणाचा तरी फोन आला असणार आणि नंबर वर गेला असणार. असला फोन काय असतो, हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

मग आम्ही मधला मार्ग सुचवला. क्रम दाखवा, आणि बदलला तर कारणही दाखवा. कारण लिहिल्याशिवाय सिस्टिमने बदल स्वीकारायचाच नाही. कारणांची यादी आम्ही त्यांच्याच बोलण्यातून केली: पाऊस, पूरबाधित, जळीत, रस्ता, लगतचा प्लॉट, इतर. शेती अधिकाऱ्यांना ती आवडली. मला वाटतं, त्यात त्यांचीही सुटका होती. वरून फोन आला तर त्यांना म्हणता आलं असतं, "साहेब, सिस्टिम कारण मागतीया, काय लिवू?"

सूचना मंजूर झाली. ऑफिसच्या लॉगिनपुरती. शेतकऱ्याच्या ॲपमध्ये त्या ओळीच्या जागी एक वाक्य आलं: 'आपली नोंद झाली आहे. तोडणी कार्यक्रमानुसार तोड मिळेल.'

या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. त्यातून काही कळतही नाही.

निर्णय त्यांचा होता, ॲप त्यांचं होतं, पैसे त्यांनी दिले होते. आम्ही नको म्हणालो असतो, तर दुसऱ्या कंपनीने तेच केलं असतं. पण तो बदल करायला मला किती वेळ लागला ते सांगते. अधिकारांच्या तक्त्यात एक टिक काढायची होती. काही सेकंद.

*

हा तक्ता काय असतो, ते सांगायला हवं, कारण त्याच्यावर कुणीच प्रेझेंटेशन देत नाही.

धंद्यासाठीच्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये तो असतो. उभ्या बाजूला माणसं: अध्यक्ष, कार्यकारी संचालक, शेती अधिकारी, गट अधिकारी, चिटबॉय, काटा क्लार्क, शेतकरी. आडव्या बाजूला गोष्टी: नोंद, क्रम, वजन, बिल, कपात. प्रत्येक चौकटीत दोनच प्रश्न. याला हे दिसेल का? याला हे बदलता येईल का? सहा महिन्यांच्या प्रोजेक्टमध्ये हा तक्ता बहुतेक वेळा शेवटच्या आठवड्यात, चहा पिता पिता भरला जातो. पण कारखान्यात कुणाचं काय चालतं, हे समजून घ्यायचं असेल, तर वार्षिक अहवालाआधी हा तक्ता वाचावा.

त्यात काय नाही, तेही बघावं. मी पाहिलेल्या तक्त्यांत ऊसतोड मजुरासाठी ओळच नव्हती. मजूर सिस्टिममध्ये आहे, पण तो मुकादमाच्या करारात आहे, उचलीच्या आकड्यात आहे. आणि मोजायचं एकक आहे 'कोयता'. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीडहून, मराठवाड्याच्या दुसऱ्या भागांतून येऊन ही जोडी पहाटेपासून तोडते, मोळ्या बांधते, गाडी भरते. तोडणारा बहुतेक तो, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत नेणारी बहुतेक ती. पण टेबलमध्ये नाव एकच, त्याचं. पहिल्यांदा तो डेटा बघताना मला वाटलं, दुसरं नाव चुकून राहिलंय. मी सीनियरला विचारलं. तो म्हणाला, "नाही गं, कोयता एकच आहे ना."

दोन माणसांना एका अवजाराचं नाव सॉफ्टवेअरने दिलेलं नाही. ते आधीपासून होतं. सॉफ्टवेअरने फक्त ते टेबलात बसवलं. आता ते बदलायचं म्हटलं, तर करारापासून पगारपत्रकापर्यंत सगळं बदलावं लागेल, म्हणून कुणी बदलत नाही. जी गोष्ट बोलण्यात थोडी लवचिक असते, ती डेटाबेसमध्ये गेली की दगडासारखी घट्ट होते.

केंटारो टोयामा हे मायक्रोसॉफ्टच्या त्या बंगळुरूच्या केंद्राच्या संस्थापकांपैकी एक. भारतातल्या अशा अनेक प्रयोगांनंतर त्यांनी २०१५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यातलं मुख्य म्हणणं असं, की तंत्रज्ञान स्वतः काही घडवत नाही. माणसांचा आणि संस्थांचा जो हेतू आधीपासून असतो, त्याला ते मोठं करतं. मला हे बरंचसं पटतं. फक्त एक भर घालावीशी वाटते. संस्थेत हेतू एकच नसतो. त्या शेती अधिकाऱ्यांचा हेतू वेगळा होता, फोन करणाऱ्याचा वेगळा, ८७ नंबरवाल्याचा वेगळा. यांतला कुठला मोठा होणार, हे त्या तक्त्यात ठरतं.

*

आता एआय. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसावर प्रयोग सुरू केला, तेव्हापासून आमच्या भागातही याचीच चर्चा आहे. उपग्रहाचे फोटो, शेतातले सेन्सर, हवामान केंद्र, आणि त्यावरून मोबाइलवर सल्ला: पाणी कधी, खत किती, रोग कुठे. राज्य सरकारने २०२५ मध्ये शेतीतल्या एआयसाठी वेगळं धोरण मंजूर केलं, ५०० कोटींचं. आमच्याकडेही कारखाने विचारायला लागलेत.

मी यावर नाक मुरडणारी नाही. पाण्याचा सल्ला शेतकऱ्याला थेट मिळत असेल, तर ते १९९८ च्या यादीतलं एक वचन उशिरा का होईना पुरं झाल्यासारखं आहे. सातबाराचं तसं झालंच की. तो आज डिजिटल सहीसकट फोनवर मिळतो.

पण कारखान्यांना एआयमधून सगळ्यात आधी जे हवंय, ते वेगळं आहे. उपग्रहाच्या फोटोवरून कुठला ऊस किती पक्व झालाय, हे ओळखायचं आणि त्यावरून तोडणीचा क्रम लावायचा. उतारा वाढेल, साखर वाढेल. हे शक्य आहे, आणि होईलही. लागणीच्या तारखेवरून लावलेल्या आमच्या क्रमापेक्षा तो क्रम जास्त बरोबर असेल, हेही मला मान्य आहे. मग गट ऑफिसच्या दारात कुणी विचारायला आलं, तर उत्तर तयार असेल: "आम्ही काय करणार, एआयने ठरवलंय." आणि त्या क्रमातही बदल होतील, फोन येतील, कारणाचा रकाना असेल. तो कुणाच्या लॉगिनमध्ये दिसणार, हा प्रश्न आज आहे तिथेच असेल.

ज्याला हे फार ताणल्यासारखं वाटतं, त्याला मी एक साधा हिशेब सांगते. त्याला एआय लागत नाही, उपग्रह लागत नाही. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तरतूद आहे, की ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला, तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज द्यायचं. हे व्याज काढायला दोन तारखा पुरतात: ऊस काट्यावर आला ती, आणि पैसे खात्यात जमा झाले ती. दोन्ही तारखा प्रत्येक कारखान्याच्या डेटाबेसमध्ये आहेत. वजाबाकी, एक गुणाकार, एक भागाकार. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला प्रोग्रॅम लिहायला अर्धा तास लागेल. ॲपमध्ये बिलाच्या खाली एक ओळ येईल: 'विलंब ११ दिवस, देय व्याज इतके'.

मी पाहिलेल्या एकाही शेतकरी ॲपमध्ये ही ओळ नाही. ती काढून टाकलेली नाही. ती मागितलीच गेलेली नाही. सॉफ्टवेअरची मागणी करणाऱ्यांच्या बैठकीत ज्याला ती ओळ हवी आहे, तो बसलेला नसतो.

आणि इथे कारखाना सहकारी असेल, तर गंमत बघा. कागदावर मालक कोण? सभासद. ॲपचे पैसे कुणाचे? सभासदांचे. वारणेला १९९८ मध्ये जे जमवायचं होतं, त्याची अर्धी पायाभरणी या सहकारानेच केली होती: संस्था होती, सभासद होते, हिशेब होता. उरलेली अर्धी म्हणजे त्या सभासदाने आपल्याच वहीत डोकावणं. ती वायरने झाली नाही, वायर काढूनही झाली नाही.

हे वाचणारे बरेच जण माझ्यासारखे असतील. घरी ऊस किंवा दूध, आणि हातात इंजिनिअरिंगची डिग्री. तुमच्यातल्या काहींच्या वडिलांच्या फोनमध्ये कारखान्याचं ॲप असेल. ते उघडून बघा, क्रम दिसतो का, आणि विलंबाचे दिवस दिसतात का. दिसत नसतील, तर सभेत विचारता येतं. कारखान्याची वार्षिक सर्वसाधारण सभा असते, अहवालाचं पुस्तक घरी येतं, प्रश्न लेखी देता येतो. आमच्या चुलत्यांनी मागच्या वर्षी आयुष्यात पहिल्यांदा असा लेखी प्रश्न दिला. मजकूर मी टाइप करून दिला, सही त्यांची. 'तोडणीचा क्रम सभासदांना मोबाइलवर कधीपासून दिसेल?' उत्तर आलं, की विषय विचाराधीन आहे.

यंदाही तोच प्रश्न द्यायचाय. चुलते म्हणाले, या वेळी शेजारच्या चार जणांच्या सह्या घेऊ. त्यांनी एक दुरुस्तीही सुचवली. "क्रम दावायचं ऱ्हाऊ दे आधी. कुणाचा बदलला आन् का बदलला, तेवढं दावा म्हणावं."

मी तशी ओळ टाइप केली आहे.